डिकीतले खवले

स्कूटर बघायला माणूस साडेदहाला येणार होता, म्हणून सव्वादहाला मी पार्किंगमध्ये उतरले आणि आप्पांच्या स्कूटरची डिकी पुसायला घेतली, तर फडक्याला तीन खवले चिकटून आले. माशाचे. मी शाळेत नववीला विज्ञान शिकवते, त्यामुळे खवला म्हणजे काय हे मला कुणी सांगायला नको. नखाएवढा, पातळ, उन्हात धरला की त्यावरच्या रेघा दिसतात. पण आमच्या घरात मासा नाही. ताटात नाही, बोलण्यात नाही. शेजारच्या ब्लॉकमध्ये बांगडा तळला तर आमची आई चारी खिडक्या लावून घेते आणि दोन उदबत्त्या जास्त लावते. आणि अशा घरातल्या माणसाच्या डिकीत खवले. एक असता तर म्हटलं असतं, उडून आला असेल कुठून तरी. तीन कुठून उडून येतात? मी सीटखाली हात घालून आणखी चाचपलं. पान्यांच्या पिशवीखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चिठ्ठी निघाली. आप्पांचं पोस्टातल्या नोकरीने घडवलेलं अक्षर, ठसठशीत, पत्ता लिहावा तसं: खुर्शीद, मिरकरवाडा, आणि खाली मोबाईल नंबर. मिरकरवाडा म्हणजे मासळीचं बंदर; चिठ्ठीलाही वास होता. खोटं कशाला बोलू, मला कुठेतरी समाधानच वाटलं. सापडलं एकदाचं! तेवढ्यात स्कूटर बघायला तो माणूस आला, टायरला लाथ मारून बघायला लागला. म्हटलं, विकायची नाही. तो म्हणाला, "मॅडम, काल फोनवर तर हो म्हणालात." म्हटलं, "आज नाही म्हणते." तो गेला आणि मी तिथेच, पार्किंगमध्ये, तीन खवले तळहातावर घेऊन उभी राहिले.

आता हे कुणाला विचित्र वाटेल, की बाप जाऊन आठ महिने झाल्यावर पोरगी त्याच्यावर पाळत ठेवते. पण संशय आमच्या घरात आईकडून माझ्याकडे आला, जसे तिचे आखूड केस आले. मी अकरा वर्षांची असताना आम्ही खालच्या आळीत भाड्याने राहायचो, मागे विहीर होती. जानेवारी लागला की आप्पा रविवारी सकाळी लवकर उठून "बागेत जातो" म्हणून निघायचे. पाली गावाच्या अलीकडे आमची चौदा कलमं आहेत, आजोबांनी लावलेली हापूसची. दुपारी परत यायचे तेव्हा अंगाला वास यायचा. घामाचा नाही, पेट्रोलचा नाही. तो वास कसला हे आईला पहिल्याच रविवारी कळलं आणि तिने एक शब्दही न बोलता विहिरीवर बादली, पंचा आणि साबणाची वडी ठेवली. बाहेर आंघोळ, मग घरात. पुढच्या वर्षी तसंच. त्याच्या पुढच्या वर्षीही. जानेवारी-फेब्रुवारीत वास, मार्चमध्ये बंद. एकदाच, मी दाराआड उभी असताना, आई विहिरीपाशी जाऊन म्हणाली, "कोण आहे ती?" आप्पांनी तिच्याकडे बघितलं. अंगावर तांब्या ओतला. मग म्हणाले, "कुठली?" एवढंच. एवढ्या एका शब्दावर आमच्या घरातली तीस वर्षं गेली. आई भांडली नाही, माहेरी गेली नाही, स्वयंपाक कधी चुकवला नाही. फक्त आप्पांशी बोलताना ती भिंतीशी बोलावं तशी बोलायला लागली, आणि त्यांनीही ते मुकाट्याने घेतलं. मुकाट्याने घेतो तो अपराधीच असणार, नाही का? मला तरी तसंच वाटत आलं. पुढे फ्लॅट घेतला, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट असलेला. आप्पा जिन्याने चढायचे. मी म्हणायचे, हृदयासाठी करत असतील. आज कळतं की जानेवारी-फेब्रुवारीतच चढायचे. बाकीचं वर्ष ते लिफ्टनेच यायचे-जायचे, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये? मी, जी वह्या हातात घेतल्यावर सांगते की कुणी कुणाची कॉपी केली आहे! मी, जिने चिपळूणचं एक बरं स्थळ एवढ्यावर नाकारलं की मुलगा म्हणाला, मला संध्याकाळी एकट्याने फिरायला आवडतं. एकट्याने कशाला फिरायचं असतं माणसाला?

आप्पा मे महिन्यात गेले, बाग उतरवायच्या आठवडाभर आधी. फोटो मोठा करून आणला, चांगली चौकट केली. आईने तो कपाटात ठेवलाय, कपड्यांच्या घडीखाली. मी दोनदा विचारलं, भिंतीवर लावूया का. ती म्हणाली, "बघू गो." आई अठ्ठ्याहत्तरची आहे. तिच्या हातात किती 'बघू' राहिलेत? म्हणून मी ते खवले तिला दाखवायचे की नाही, हाच प्रश्न होता. दाखवले तर तीस वर्षांचा तिचा संशय खरा ठरणार, आणि तो खरा ठरवूनच ती जाणार. न दाखवले तर मी आप्पांच्या बाजूची झाले. मी ते कागदात बांधून पर्समध्ये ठेवले आणि रविवारी स्वतः बागेत गेले, त्यांचीच स्कूटर घेऊन.

कलमं मोहरली होती. पानं दिसत नव्हती एवढा मोहोर, आणि त्याचा तो गोड, डोक्यात चढणारा वास. पण बागेच्या दगडी कुंपणापाशी, गडग्यापाशी, पोचले तेव्हा त्या वासाखालून दुसरा वास आला. मी थांबले. तोच. विहिरीवरचा. बागेत विठू होता, आमचा गडी, आप्पांच्याच वयाचा, चाळीस वर्षं बाग राखणारा. तो मला बघून दचकला हे मी नक्की पाहिलं. त्याच्यामागे तिसऱ्या कलमाच्या फांदीला गोणपाटाची पिशवी टांगलेली. पाचव्यालाही. अकराव्याला दोन. मी काठीने एक पिशवी खाली ओढली आणि फुटली ती: डोकी, आतडी, काळे पडलेले बोंबील, अळ्या वळवळताहेत, आणि तिच्यातून निळ्या-हिरव्या माश्यांचा लोट उठला तो सरळ मोहोरावर जाऊन बसला. मला ओकारी आली. "विठू, हे काय आहे?"

"आप्पा करीत ताच करतंय, ताई."

"आप्पा काय करत?"

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला. "आता काय सांगू."

"हे आणलंस कुठून?"

"खुर्शीदबाय देते. जेटीवरची."

झालं! नाव आलं. आता बघा, माझं डोकं कसं चालतं ते. खुर्शीद. आप्पांची चिठ्ठी, विठूच्या तोंडी तेच नाव, झाडाला टांगलेली घाण. मनात पाल चुकचुकली आणि चुकचुकतच राहिली. वाटलं, त्या बाईला आप्पांनी बागेचं काहीतरी कबूल केलेलं असणार. आता आप्पा नाहीत, बागेवर दोन बायका उरल्या, एक म्हातारी आणि एक मास्तरीण. बाग सडवा, फळ धरू देऊ नका, कंटाळून सोडून देतील. आणि विठू तिला सामील. मी हे त्याला तोंडावर म्हटलं. एवढं सगळं म्हटलं. चाळीस वर्षं आमच्याकडे राबलेला माणूस, त्याने टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाला, "मी काय्येक वायट केलं नाय. आप्पांनी माझ्याकडनं शब्द घेतलान, घरात बोलायचा नाय म्हणून. तुम्ही पिशव्या काढू नका, ताई. एवढा मोहोर जाऊ दे, मग काढा." म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढ आणि पूर. त्याने पुरल्या. माश्या मात्र जाईनात, मोहोरावरच फिरत होत्या. रस्त्यापलीकडच्या एका बागेत फवारणीवाले आलेले होते, पंप घेऊन. मी त्यांना हाक मारली, म्हटलं माश्यांवर काहीतरी मारा. त्यांच्यातलाही एकजण म्हणाला, फुलावर नको मॅडम. विठू तर हात जोडून मध्ये उभा राहिला, "फुलावर फवारा नको, ताई, पाया पडतो!" आणि मला वाटलं, बघ, कसा कळवळतोय, म्हणजे माझंच खरं. मारलं औषध. माश्या टपटप पडल्या. त्यातल्या दहाबारा मी डब्यात भरून घेतल्या, शाळेत कीटकांचे पाय दाखवायला लागतात म्हणून. शिक्षकाची सवय, वाईट असते ती, रागातसुद्धा सुटत नाही. विठूला म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. तो "बरं" म्हणाला.

त्या आठवड्यात नववीला धडा होता सजीवांच्या परस्परसंबंधांचा. दरवर्षी मी फळ्यावर तक्ता काढते: दोघांचा फायदा, एकाचा फायदा आणि दुसऱ्याचं काही नाही, एकाचा फायदा आणि दुसऱ्याचं नुकसान. मुलं पाठ करतात. मला हा धडा आवडतो, कारण यात कोण कुणाचं खातं हे स्पष्ट लिहिलेलं असतं. माणसांत ते लिहिलेलं नसतं, शोधावं लागतं. पहिल्या प्रकाराला उदाहरण म्हणून मी फूल आणि मधमाशी काढते. चौदा वर्षं काढतेय; मधमाशीच्या पायांना पिवळे ठिपके देते, म्हणजे परागकण. गुरुवारी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसून मी डब्यातली एक माशी काढली, पाय वेगळा केला, काचपट्टीवर ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली घातला. पायाच्या केसांना पिवळे दाणे चिकटलेले होते. मी दुसरी घेतली. तिच्या पोटावर, छातीवर, सगळीकडे. तिसरी.  मी खिडकी उघडली, परत बसले, परत डोळा लावला. दाणे तिथेच होते.

आंब्याच्या मोहोराला मधमाशी फारशी येते कुठे? मी कधी पाहिली होती? लहानपणापासून त्या कलमांखाली खेळले, आणि एक मधमाशी आठवेना. आठवली ती माश्यांची गुणगुण. सडकी मासळी माशीला. माशी मोहोराला. मोहोर फळाला. मी कागदावर बाण काढत गेले, मुलांना काढायला लावते तसे, आणि फळाच्या पुढे काय लिहायचं तिथे पेन थांबलं. फळ आमच्या घरात येतं. दरवर्षी पहिली पाटी आली की आई स्नान करून, सोवळ्यात, त्यातली पाच निवडते आणि देवापुढे ठेवते. त्याआधी घरात कुणी आंबा चाखत नाही, अगदी आप्पासुद्धा बागेत कधी तोंडाला लावायचे नाहीत. मासळीपासून निघालेला बाण आमच्या देवघरात जाऊन थांबत होता. घंटा झाली. मी वर्गावर गेले आणि त्या दिवशी मी मधमाशी काढली नाही; का काढली नाही हे कुणी विचारलं नाही. मी चाळीस पोरांकडे बघत उभी होते आणि मनात एकच चाललं होतं, आप्पा, अहो आप्पा, तुम्ही बोललात का नाही?

रविवारी मी मिरकरवाड्याला गेले. संशय एवढ्याने जात नाही, हेही सांगून ठेवते. माशीच्या पायाला पराग असले म्हणून बापाच्या पायाला काही नसेल असं थोडंच आहे? खुर्शीद शोधायला लागली नाही; पहिल्याच बाईने बोट दाखवलं. साठीच्या पुढची, जाडजूड, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, पाटावर बसून कोळंबी सोलत होती. मला बघून हात न थांबवता म्हणाली, "आप्पांची पोर ना तू? नाक त्यांचंच."

"ते गेले."

"ठाऊक हाय गो. मे महिन्यात पेटी आली नाय, तेव्हाच समजले मी. दरसाल यायची. पयला दिवस तुमच्या देवाचा, दुसरा दिवस माझा."

मी सरळ विचारलं. तिथे, बर्फाच्या पाण्यात उभी राहून, चारचौघींत. "तुमचं आणि त्यांचं काय होतं?"

तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग ती हसायला लागली, अशी हसली की पाट हलला, शेजारच्या बायका बघायला लागल्या. "काय होतं? सडकी मासळी होती गो बाये! दुसरं काय असणार! ताजी सुरमई दिली तर हात मागे घ्यायचा तो. म्हणायचा, खुर्शीदबाय, मला जी कुणी नेत नाय तीच दे." मग माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं. "तुझ्या आईला तसं वाटतं काय?"

"तीस वर्षं."

"या अल्ला!" तिने कोळंबी ठेवली, हात पाण्यात धुतले, पुसले. बराच वेळ पुसत होती. "माझ्या भावाची बाग तुमच्या गडग्याला लागून हाय, कमालची. त्याच्याकडे फळ धरायचं नि तुमच्यात गळून जायचं. तुझा बापूस एक दिवस आला विचारायला. कमालने दाखवलान त्याला झाडावरची पिशवी, नि माझ्याकडे धाडलान. पयल्यांदा घेतली तेव्हा उलटी केलान त्याने तिथे कोपऱ्यात. तरी दर रविवारी यायचा. मी म्हटलं, घरी सांग बाबा, बायको काय खाणार हाय तुला? तर काय म्हणाला माहीत हाय? म्हणाला, तिने दर वर्षी पयलं फळ देवाला वाहिलंय. हे कळलं तर तिला ते परत वाहता येणार नाय, आणि आधी वाहिलेलं मागे घेता येणार नाय. माझ्याविषयी काय वाटायचं ते वाटू दे, म्हणाला. माणसाचा राग धरून जगता येतं."

 मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. ती उठली, मागे जाऊन एक पिशवी आणली, तोंड दोरीने बांधलं, मग आणखी एका पिशवीत घालून परत बांधलं. "दुहेरी बांध म्हणायचा नेहमी," ती म्हणाली. "दुसरा मोहोर येईल आता. घेऊन जा."

मी आधी विठूच्या घरी गेले. तो ओट्यावर बसला होता. माफी मागायची कशी ते मी वाटेत घोकलं होतं, पण त्याने पिशवी बघितली, नाक वर केलं, आणि टोपी घालून उठलाच. "चला," म्हणाला. वाटेत एवढंच बोलला, "पयला मोहोर गेला, ताई. काय राहिला नाय." खरंच नव्हता; जिथे औषध बसलं होतं तिथे मोहोराच्या काड्या सुकून खाली पडलेल्या होत्या, पलीकडे कमालच्या कलमांना मात्र मोहरीएवढी फळं धरलेली दिसत होती. हे माझं काम. गडग्याच्या अलीकडे माझं आणि पलीकडे त्यांचं. आमच्या फांद्यांच्या टोकांना दुसरा मोहोर कोंबासारखा येत होता. मी स्वतः ती मासळी गोणपाटांत वाटून पिशव्या बांधल्या, विठूने अडवलं असतं तरी ऐकलं नसतं. पहिली माशी आली तेव्हा आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो.

परत येताना चार वाजले. बिल्डिंगच्या खाली वॉचमनने नाक मुरडलं. लिफ्टमध्ये एक बाई उभी होती, मी तिला जाऊ दिलं आणि जिन्याने निघाले. दुसऱ्या मजल्यावर दम लागला. तिसऱ्यावर कठड्याला धरून उभी राहिले आणि वाटलं, सत्तरीचा माणूस इथे थांबत असेल का? सांगू का आईला? सांगितलं तर आप्पा सुटतात आणि देवघरात तीस वर्षांचे आंबे सडके होतात. नाही सांगितलं तर देव शुद्ध राहतो आणि आप्पा कपाटात. माझ्या तक्त्यात हा प्रकार नाही. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत माझं ठरलं नव्हतं, आणि बेल वाजवायच्या आधीच आईने दार उघडलं.

तिला वास आला. मी तिच्याकडेच बघत होते. पदर नाकाकडे निघाला आणि अर्ध्यात राहिला.

"कुठून आलीस गो?"

"बागेतून."

"बागेतून," ती म्हणाली. "तेही हेच सांगायचे."

"खरंच सांगायचे, आई."

आणि मग मी सगळं सांगितलं. पायपुसण्यावर उभी राहून, एका दमात: खवले, चिठ्ठी, पिशव्या, माश्या, मी मारलेला मोहोर, खुर्शीद काय म्हणाली ते शब्दन् शब्द. मला वाटलं, आता ती देवघराकडे धावेल, गोमूत्र शिंपडेल, मला बाहेर काढेल. ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. तिच्या हातात कुळीथ निवडायचं ताट होतं, ते तिने खाली ठेवलं.

"म्हणजे देवापुढचे आंबे..." ती म्हणाली.

"हो."

"सगळे?"

"सगळे."

तिने वळून देवघराकडे बघितलं. मग म्हणाली, "देवाला ठाऊक नसेल होय? त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. विठूला ठाऊक, त्या बाईला ठाऊक, देवाला ठाऊक. मलाच तेवढं नाही." तिचा आवाज चढला. "मी टाकलं असतं आंबे वाहायचं, असं वाटलं त्यांना! देवाला धरीन आणि त्यांना सोडीन, असं वाटलं! इतकी वर्षं मला वाटायचं, संशय घेते ती मीच एकटी. त्यांनीही घेतलाच की माझ्यावर. विचारायचं तरी मला एकदा. एकदा तरी!" ती रडत नव्हती, संतापली होती, खरी संतापली होती त्यांच्यावर, जिवंत माणसावर संतापावं तशी. एवढं बोलताना मी तिला तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "आई, मी आधी आंघोळ करून येते." आणि तिच्या बाजूने आत जायला लागले.

तिने माझी ओढणी धरली. दोन्ही हातांनी गोळा केली, वर उचलली, आणि तोंड तिच्यात घातलं. माझी आई, बांगड्याच्या वासाला खिडक्या लावणारी. ती श्वास घेत होती, खोल, एकामागून एक, आणि मी हलले नाही.

"थांब गो," ती ओढणीतूनच म्हणाली. "एवढ्यात आंघोळ करू नकोस."